यूसीई ३५० इंजिनाच्या ब्रीदरला ऑइल कॅच कॅन बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ सालची, कार्ब्युरेटर असलेली रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आहे; तिचे इंजिन यूसीई, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेले, एका सिलिंडरचे. पुणे ते कोल्हापूर अशा लांब पल्ल्यानंतर एअर फिल्टरच्या बॉक्समध्ये ऑइल साचते आणि फिल्टरचा कागद खालून ओला होतो. एका मेकॅनिकने ब्रीदर पाइप (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) बॉक्सपासून सोडवून, टोकाला लहान फिल्टर लावून मोकळा ठेवायला सांगितले आहे. प्रश्नकर्त्याने मात्र अ‍ॅल्युमिनियमचा एक कॅच कॅन, म्हणजे ब्रीदरमधून येणारे ऑइल साठवणारा डबा, मागवून ठेवला असून तो कुठे आणि कसा बसवावा, असे विचारले आहे.

कॅन बसवायला माझी हरकत नाही. मात्र इंजिनाचा श्वास कुठेही आवळला जाता कामा नये, आणि कॅनमधून बाहेर पडणारी हवा पुन्हा एअर बॉक्समध्येच गेली पाहिजे. या दोन गोष्टी पाळता येणार नसतील, तर गाडी कॅनशिवाय आहे तशी ठेवून बॉक्स वेळोवेळी पुसून घेणे अधिक सुरक्षित आहे.

ब्रीदरमधून जे बाहेर येते ते दोन वेगळ्या कारणांनी येते, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे बहुतेक चुकीचे सल्ले दिले जातात. पहिले कारण म्हणजे पिस्टनची हालचाल. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९० मिमी आहे, म्हणजे पिस्टन खाली येताना त्याच्याखालची सुमारे ३४६ सीसी जागा व्यापतो आणि वर जाताना तेवढीच मोकळी करतो. ३,००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा घडते. चार सिलिंडरच्या मोटारीच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येत असताना दोन वर जात असतात, त्यामुळे क्रँककेसमधील (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या पोकळीतील) एकूण जागा जवळपास तीच राहते. एका सिलिंडरच्या इंजिनात असे संतुलन साधणारे दुसरे काहीच नसते. दुसरे कारण म्हणजे रिंगांच्या फटीतून खाली उतरणारा ज्वलनाचा वायू. चांगल्या स्थितीतील इंजिनातही तो थोडा असतोच, आणि त्यात न जळलेले पेट्रोल, कार्बनचे कण आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की ढोबळमानाने एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतांश सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडा अंश रिंगा ओलांडून खाली येतोच. क्रँक आणि गिअर यांनी उडवलेल्या ऑइलचे बारीक तुषार या दोन्ही प्रवाहांवर स्वार होऊन पाइपमध्ये शिरतात.

यावरून असे दिसेल की एअर बॉक्समध्ये ऑइलचा पातळ थर दिसणे हा या रचनेचा स्वाभाविक परिणाम आहे. कागद भिजण्याइतके ऑइल येत असेल तर मात्र आधी कारण शोधावे लागते, कारण कॅन कारण दूर करत नाही, तो फक्त त्याचा पुरावा साठवतो.

सर्वांत आधी ऑइलची पातळी पाहावी. गाडी सपाट जागी सेंटर स्टँडवर घ्यावी, इंजिन गरम करून बंद करावे, ऑइल खाली उतरू द्यावे आणि मगच काचेच्या खिडकीतील पातळी वाचावी. साइड स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीत पाहिलेल्या पातळीला काही अर्थ नाही. सर्व्हिसच्या वेळी ड्रेनमधून सगळे ऑइल बाहेर येत नाही, काही आतल्या पोकळ्यांत राहते, आणि पुस्तकात दिलेला पूर्ण आकडा मोजून ओतला की पातळी वरच्या खुणेच्याही वर जाते. माझ्याकडे एअर बॉक्समध्ये ऑइल येते म्हणून आलेल्या गाड्यांत हे कारण इतर कोणत्याही कारणापेक्षा अधिक वेळा निघाले आहे. पातळी दोन खुणांच्या मधोमध आणून काहीशे किलोमीटर गाडी चालवावी. पुष्कळदा प्रश्न तिथेच संपतो आणि कॅनची गरज उरत नाही.

सर्व्हिस न करताही पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ऑइल बोटावर घेऊन वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) नीट बसत नसून, पेट्रोलचा नळ उघडा राहिला की पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांवरून सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिथे) उतरत आहे, असे समजावे. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करत नाही. अशा वेळी नीडल बदलून, ऑइल पूर्ण काढून नवे भरेपर्यंत गाडी चालवू नये. कॅनचा विचार त्यानंतर.

तिसरी तपासणी रिंगांची. त्यासाठी लीक-डाउन टेस्ट करून घ्यावी, कारण निव्वळ कॉम्प्रेशनच्या आकड्यापेक्षा ती अधिक स्पष्ट सांगते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सर्वांत वरच्या स्थानी) ठेवून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली जाते आणि ती कुठून निसटते ते ऐकले जाते. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, आणि ब्रीदरमधून किंवा ऑइल भरण्याच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा किंवा बोअर. हे साधन जवळ नसेल तर धुराचे निरीक्षणही उपयोगी पडते: चढावर थ्रॉटल उघडताना निळसर धूर निघाला तर संशय रिंगांवर, आणि घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून खाली आल्यावर पुन्हा उघडताच धुराचा लोट निघाला तर संशय व्हॉल्व्हच्या गाइड आणि सीलवर. रिंगा गेलेल्या इंजिनाला कॅन लावणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून खाली बादली ठेवणे होय.

हे सगळे नीट असेल, आणि गाडी तासन् तास महामार्गावर वेगात चालत असल्यामुळेच तुषार येत असतील, तर कॅन आपले काम खरोखर करतो. भिजलेल्या कागदातून हवा कमी जाते आणि मिश्रण पेट्रोलकडे झुकते. जे तुषार इनटेकमध्ये पोचतात ते पिस्टनच्या माथ्यावर आणि व्हॉल्व्हवर कार्बन धरतात, शिवाय ऑइल मिसळलेल्या मिश्रणात नॉकिंगची (मिश्रण अवेळी, झटक्याने पेटण्याची) प्रवृत्ती वाढते. हे टाळण्यासारखे आहे.

आता तुम्ही मागवलेला कॅन हातात घेऊन व्हर्निअरने त्याच्या निपलचे (पाइप जोडायच्या तोटीचे) आतले भोक मोजा. बाहेरचा व्यास पाहून चालणार नाही. गाडीच्या मूळ ब्रीदर पाइपचा आतला व्यासही मोजा. उदाहरणादाखल मूळ पाइप १२ मिमीचा धरला आणि कॅनची निपल बाहेरून ८ मिमी असली तर आतले भोक जेमतेम ६ मिमीचे निघते. व्यास निम्मा झाला की वाट निम्मी होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येते, आणि ३,००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा येणाऱ्या धक्क्यांना ती पुरत नाही. मग क्रँककेसमधला दाब वाढतो आणि तो सर्वांत दुबळ्या जागेतून बाहेर पडतो: एखाद्या शाफ्टचे ऑइल सील, गॅस्केटचा एखादा कोपरा, पुशरॉडच्या बाजूचा सांधा. कॅन बसवल्यानंतर महिनाभरात इंजिन बाहेरून ओले दिसू लागले, तर बहुतेक वेळा सील खराब निघाले असे मानून ते बदलले जाते आणि नवे सीलही तसेच गळते, कारण आवळलेल्या निपलकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. तेव्हा निपल मूळ पाइपपेक्षा अरुंद असेल तर ती काढून लेथवाल्याकडून मोठ्या भोकाची करून घ्या. ते शक्य नसेल तर कॅन परत करा.

कॅनची क्षमता ३०० ते ५०० मिलिलिटरच्या दरम्यान असावी. मोठा कॅन पुष्कळ ऑइल साठवण्यासाठी लागत नाही. अरुंद पाइपमधून वेगाने येणारी हवा प्रशस्त जागेत आली की तिचा वेग मंदावतो आणि तुषार तिच्यापासून सुटून खाली पडतात. शिवाय पिस्टनचे धक्के त्या जागेत काही प्रमाणात शोषले जातात. शर्यतीच्या मोटारसायकलींसाठी एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या नियमांत इंजिनाच्या ब्रीदरसाठी किमान ५०० सीसीची टाकी मागितली जाते, पण तिथला हेतू ट्रॅकवर ऑइल सांडू न देणे हा आहे. रस्त्यावरच्या गाडीला तेवढ्या क्षमतेची सक्ती नाही.

कॅनच्या आत काय आहे हे झाकण उघडून पाहिल्याशिवाय तो बसवू नका. बाजारातले स्वस्त कॅन पुष्कळदा आतून पूर्ण रिकामे असतात. एका निपलने हवा आत येते आणि शेजारच्या निपलने तुषारांसकट तशीच बाहेर जाते. आत येणाऱ्या निपलला खालच्या दिशेने नळी जोडलेली असावी आणि बाहेर जाणारे तोंड सर्वांत वर, मध्ये एखादा आडवा बाफल (हवेला वळण घ्यायला लावणारा पत्रा) घेऊन असावे. आतली नळी साचलेल्या द्रवात बुडेल इतकी खाली मात्र आणू नये; बुडाली की हवेला द्रवातून बुडबुडे काढत जावे लागते आणि तोही एक अडथळाच ठरतो. बाफल नसेल तर भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी सैलसर भरून चालते, कारण तुषारांना चिकटायला तिच्यात भरपूर पृष्ठभाग मिळतो. ती स्टेनलेसचीच हवी. साधी लोखंडी तार पाण्याच्या वाफेने एका पावसाळ्यात गंजते आणि तिचे तुकडे इनटेकच्या वाटेला लागू शकतात. घासणीच्या वर, बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या आधी, भोके पाडलेली पातळ पत्र्याची चकती स्क्रूने पक्की बसवावी. स्पंज किंवा फोम अजिबात घालू नये. तो पेट्रोलच्या वाफेने विरघळत जातो.

पाइप नायट्राइल रबराचा, आतून कापडाचा थर असलेला, मूळ व्यासाइतका किंवा त्याहून किंचित मोठा घ्यावा. पारदर्शक पीव्हीसी नळीत ऑइल दिसते म्हणून ती लावण्याचा मोह होतो, पण इंजिनाजवळच्या उष्णतेने ती आधी मऊ होऊन वळणावर दबते आणि पुढे कडक होऊन क्लिपपाशी तडकते. रंगीत सिलिकॉन पाइप दिसायला चांगला असला तरी साधे सिलिकॉन ऑइल आणि पेट्रोलच्या वाफेने फुगते व बाहेरून चिकट होते. आतून फ्लुओरोसिलिकॉनचा थर असलेला प्रकार वेगळा आणि बराच महाग असतो. क्लिपा स्क्रूच्या घ्याव्यात आणि त्या रबर कापेपर्यंत आवळू नयेत.

जागा निवडताना नजर पाइपच्या चढउतारावर ठेवावी. ब्रीदरच्या तोंडापासून कॅनपर्यंत पाइप सतत चढता असावा, म्हणजे वाटेतच सुटलेले ऑइल मागे इंजिनात उतरेल आणि कॅनमध्ये फक्त पुढे जाणारे तुषार येतील. कॅनपासून एअर बॉक्सपर्यंतच्या पाइपमध्येही झोळ नको, कारण झोळात पाणी आणि ऑइल साचून वाट बंद होते. आपल्याकडच्या हवेत याने फार तर इंजिन ओले होईल, पण हीच गाडी घेऊन लडाखला जाणार असाल तर खिंडीतल्या रात्रीच्या थंडीत झोळातले पाणी गोठून ब्रीदर पूर्ण बंद होऊ शकतो आणि सकाळी इंजिन चालू केल्यावर सील बाहेर ढकलले जाऊ शकते.

या गाडीत सीटखाली, फ्रेमच्या नळीलगत पुरेशी जागा काढता येते. सायलेन्सरपासून कॅन दूर हवा, एक तर आगीच्या भीतीने आणि दुसरे म्हणजे तो जितका थंड राहील तितकी वाफ त्यात थंड होऊन सुटेल म्हणून. मागच्या चाकाच्या थेट वर किंवा पुढे तो अशा ठिकाणी लावू नये की ड्रेन सुटला तर ऑइल टायरवर पडेल. घाटात वळणावर मागच्या टायरच्या कडेला पडलेले चमचाभर ऑइलही माणसाला खाली पाडते, म्हणून ड्रेनच्या बोल्टला तांब्याचा वॉशर घालावा आणि शक्य असल्यास तार ओवून बांधावा. दोघे जण बसवून सस्पेन्शन पूर्ण दाबून पाहावे आणि मडगार्ड, वायरिंग व कॅन यांच्यात घासाघीस होत नाही याची खात्री करावी.

फ्रेमला भोक पाडू नये आणि वेल्डिंग तर करूच नये. रबराचा अस्तर असलेला क्लॅम्प नळीभोवती बसवून त्यावर कॅनची पट्टी घ्यावी. या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट नाही, त्यामुळे कंपने मोठी असतात आणि थेट कसलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकण्याच्या रेषेवर तडकते. पट्टी पोलादाची, मध्ये रबराचे बुश आणि नट नायलॉक (कंपनांनी सैल न होणारे) असावेत.

कॅनमधून निघणारा दुसरा पाइप एअर बॉक्सवरच्या मूळ निपलला जोडायचा आहे, आणि मेकॅनिकचा मोकळ्या फिल्टरचा सल्ला मी याच ठिकाणी नाकारतो. पिस्टन वर जाताना क्रँककेस हवा आत ओढते. टोक मोकळे असेल तर त्या लहानशा फिल्टरमधून रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यात पाणी आत जाते. चिऱ्याच्या खाणींजवळून जाणाऱ्या कोकणातल्या रस्त्यांवर ती लाल धूळ किती बारीक असते हे तिथे गाडी चालवणाऱ्यांना माहीत आहे. शिवाय बॉक्सवरची निपल उघडी राहिली आणि ती फिल्टरच्या आतल्या बाजूला उघडत असेल, तर न गाळलेली हवा थेट कार्ब्युरेटरमध्ये जाते, मिश्रण विरळ होते आणि बोअर झिजतो. तिसरी गोष्ट प्रदूषणाची. ब्रीदरमधले न जळलेले हायड्रोकार्बन हवेत सोडू नयेत म्हणूनच १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मोटारींमध्ये ते इनटेकमध्ये वळवण्याची पद्धत आली, आणि मोटारसायकलचा एअर बॉक्सला जोडलेला पाइप त्याच विचारातून आलेला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत बदल करण्यावर बंधने घालते, हेही ध्यानात ठेवावे. बंद राहिलेली व्यवस्था कधीही पूर्ववत करता येते, हा तिचा आणखी एक फायदा.

मोटारीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली हवा इनटेकमध्ये सोडणारा) मध्ये घालावा का, असे पुष्कळ जण पुढे विचारतात. घालू नये. तो थ्रॉटलच्या पलीकडच्या निर्वातावर चालण्यासाठी बनवलेला असतो. इथे एअर बॉक्समध्ये तसा निर्वात नसतो, आणि आतला लहान प्लंजर या इंजिनाच्या धक्क्यांना पुरेशी वाट देत नाही. एका सिलिंडरच्या इंजिनासाठी बनवलेला रीडचा एकदिशा व्हॉल्व्ह वेगळा. तो हवा बाहेर जाऊ देतो, आत येऊ देत नाही, त्यामुळे क्रँककेसमधला सरासरी दाब कमी राहतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या ब्रीदरवरचे बदकाच्या चोचीसारखे रबर हेच काम करते. असा व्हॉल्व्ह घालायचाच असेल तर तो क्रँककेसच्या शक्य तितका जवळ बसवावा आणि जोडण्यापूर्वी फुंकून दिशा तपासावी. उलटा बसला तर इंजिन चालू केल्यापासून काही सेकंदांत एखादे सील जाते.

सगळे जोडून झाल्यावर एक चाचणी मी आग्रहाने करतो आणि ती कोणालाही घरी करता येते. ऑइल भरण्याच्या तोंडाचे एक जादा बूच घेऊन त्यात निपल बसवावी आणि तिला लांब पारदर्शक नळी जोडून तिचा यू आकार एका फळीवर बांधावा, प्रत्येक बाजू सुमारे मीटरभर उंच ठेवावी आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरावे. इंजिनाकडच्या टोकाला नळीत बारीक भोकाची गुंडी (वाट अरुंद करणारा तुकडा) घालावी म्हणजे पिस्टनचे धक्के दबून पाण्याची पातळी वाचता येईल. ती नसेल तर पाणी नुसते नाचत राहते आणि उसळून इंजिनात जाण्याचा धोका राहतो. आधी मूळ पाइप लावून आणि मग कॅन लावून, गरम इंजिनावर, त्याच आरपीएमला दोन्ही पातळ्यांतला फरक टिपावा. पाण्याचा १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. कॅन लावल्यावर सरासरी पातळी दाबाच्या बाजूला सरकली, तर कुठेतरी वाट अरुंद झाली आहे हे निश्चित. ती जागा सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. दोन्ही वेळचा आकडा सारखा आला तर जोडणी बरोबर आहे.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ड्रेन उघडून जे निघेल ते काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवावे. वर ऑइल, खाली पाणी आणि मध्ये दुधट थर असे दिसले तर ते वाफेचे पाणी आहे. पावसाळ्यात आणि गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते अधिक निघते, कारण इंजिन पुरेसा वेळ गरम राहत नाही. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, फक्त ड्रेन वरचेवर उघडावा. जवळपास निव्वळ काळे ऑइल, तेही दर वेळी वाढत्या प्रमाणात निघू लागले, तर रिंगांची तपासणी पुन्हा करावी. कॅनमध्ये गेलेले ऑइल सम्पमधून कमी झालेले असते, त्यामुळे खिडकीतली पातळीही त्याच दिवशी पाहून घ्यावी. बाहेर काढलेला द्रव पुन्हा इंजिनात ओतू नये, त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ले असतात. तो गटारात किंवा मातीतही टाकू नये. जळके ऑइल घातक कचऱ्यात मोडते, आणि ज्या गॅरेजमध्ये ते पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला दिले जाते तिथे नेऊन द्यावे.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचे मालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढेच: वॉरंटी चालू असेपर्यंत ब्रीदरला हात लावू नका, ऑइलची पातळी मात्र वर सांगितल्याप्रमाणे स्वतः पाहा, आणि एअर बॉक्सच्या तळाशी असलेल्या ड्रेन नळीचे बूच प्रत्येक सर्व्हिसला उघडून घ्या.